आत्याचा बंद दरवाजा

माझी आत्या बावीस वर्षं शहराची बस चालवते. तोंडाने फटकळ, आणि एका बाबतीत भलतीच हट्टी: बस फुटपाथला चिकटल्याशिवाय ती दरवाजा उघडत नाही. "म्हाताऱ्यांनी काय रस्त्यावर उड्या मारायच्या?" असं वर विचारते.

परवा दवाखान्याच्या थांब्यावर नगरपालिकेचे एक उमेदवार लोकांना आपलं वाहतुकीचं धोरण तावातावाने समजावत होते. नव्या बस, दर दहा मिनिटांनी फेरी! त्यांची प्रचाराची जीप मात्र बरोब्बर बसच्या जागेवर उभी होती. आत्याने तिच्या मागे बस उभी केली, दरवाजा बंदच ठेवला आणि हॉर्न दाबला.

उमेदवार खिडकीपाशी आले. "ताई, दोनच मिनिटं थांबा की."

"गाडीत चाळीस माणसं आहेत, साहेब. सगळ्यांची मिळून ऐंशी मिनिटं झाली."

बसमध्ये हशा पिकला. साहेबांनी जीप हलवायला लावली. आत्याने बस फुटपाथला चिकटवली, दरवाजा उघडला, आणि एक आजी काठी टेकत आरामात उतरल्या.

मग आत्या साहेबांकडे वळून म्हणाली, "हे झालं माझं धोरण. आता तुमचं सांगा."