तीन लाल वाइन आणि एक चूळ

वाइन चाखायला शहाणी माणसं नाशिकला जातात. मी बीड जिल्ह्यात गेले, कारण नांदूरघाटाजवळ माझ्या मावसभावाने, दत्ताने, वाइनरी काढलीय. फोनवर म्हणाला, "ताई, साऱ्या जगाच्या वाइनला मार्क देत फिरतीस, माझ्या तिन्हीला दे. बाबा म्हणालेत, तू पास म्हणलीस तरच यंदा छाटणी करायची. न्हाईतर वेली काढून ऊस." मला एकदम न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं. आवडलंही, खोटं कशाला बोलू!

तुम्ही जाणार असाल तर पुण्याहून पहाटे निघा. अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंबा गाठायचं, मग केजचा रस्ता धरून नांदूरघाटाकडे वळायचं. मध्ये 'काम चालू आहे' असा फलक लागतो. काम कुठे दिसत नाही, फलकाचा रंग मात्र उडालाय. मांजरसुंब्याला रबडी प्रसिद्ध आहे, पण चाखायला निघालेल्याने गोड खाऊ नये. मी दोन वाट्या खाल्ल्या. मुक्कामाची सोय बीडमध्येच बघा. आमच्या मावशीकडे राहणं फुकट असतं, पण जेवणाच्या अटी जाचक आहेत.

दत्ताचे वडील म्हणजे आमचे काका गावचे पुढारी. कपडे इतके कडक इस्त्रीचे की खुर्चीत बसताना आवाज येतो. त्यांनी माझा सत्कारच ठेवला होता. वाइनरीच्या शेडसमोर सतरंजी, माईक, शाल, नारळ आणि वाइनशी काडीचा संबंध नसलेले तीसेक पुरुष. पण त्याआधी जेवण. "उपाशीपोटी पाहुन्याला काय बी पाजत न्हाईत आमी," असं म्हणून मावशीने येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. नाकातून पाणी आलं. मग ताक पिऊन, बागेत फेऱ्या मारून जीभ ताळ्यावर आणली. तेवढ्यात दत्ताने बाग दाखवली. तीन वाइनला तीन जातींची द्राक्षं, तिन्हींचे प्लॉट वेगळे.

दत्ताने पहिली वाइन रीतसर बोटभर ओतली. काका करवादले, "कंजूषपना कामून करतो रं? भर की!" ग्लास काठोकाठ भरला. वास घेतला तर पिकलं जांभूळ आणि मागून मिरीचा हलका झटका. घोट तोंडात फिरवला आणि मी चाट पडले. बीडच्या उन्हात वाढलेल्या द्राक्षांची इतकी देखणी वाइन! मग चाखणारे सगळेच करतात तेच मी केलं. घोट शेजारी ठेवलेल्या बादलीत टाकला. प्रत्येक घोट गिळत बसलं तर पुढच्या वाइनला मार्क कोण देणार?

सतरंजीवरच्या सगळ्या माना बादलीकडे वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "थुकली की!"

मावशीने कपाळाला हात लावला. या घरात पाहुण्याने चहा अर्धा ठेवला तरी ती आठवडाभर मनाला लावून घेते, आणि मी तर चारचौघांत चूळ टाकली होती. काका दत्ताकडे न बघता म्हणाले, "एक नंबर गेली."

मी माईक हातात घेऊन समजावलं की चाखायची रीतच अशी असते, वाइन उत्तम आहे. काका मान डोलवत म्हणाले, "पाहुना तोंडानं गोडच बोलतो, पोरी. आमी बघतो पोटात काय गेलं ते."

दत्ताचा चेहरा पार उतरला होता. पोराची सगळी मेहनत माझ्या बादलीत गेली होती. म्हटलं, आता एक थेंबही बादलीत टाकायचा नाही. दुसरी वाइन गंजक्या पत्र्यावरून ओघळलेल्या चिंचेच्या पाण्यासारखी होती. ती मी शेवटच्या थेंबापर्यंत हसत हसत प्याले. तिसरीपेक्षा खोकल्याचं औषध बरं, त्याचा निदान गुण तरी येतो. तीही संपवली, वर ग्लास उलटा करून दाखवला. टाळ्या पडल्या. "ह्या दोन पास!" काकांनी जाहीर केलं. रात्री गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता.

सकाळी निघताना काकांना परत सांगितलं की पहिलीच सगळ्यांत भारी आहे. "लई मन राखतीस बघ," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या नंबरचं खोकं माझ्या डिकीत घातलं.

तर वाचकहो, मार्क. लाल एक: दहापैकी आठ. लाल दोन: तीन. लाल तीन: दोन, तेही बाटलीचा आकार बरा आहे म्हणून.

हे लिहून ठेवलं आणि दत्ताचा फोन आला. दोन प्लॉटची छाटणी झाली. पहिल्यावर काकांनी ट्रॅक्टर घातला, वेली उपटल्या, उसाच्या सऱ्याही पाडल्या. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे ऊस! काकांना, त्या टाळ्यांना, त्या शालीला, तोंडाला येईल ते बोलले. दत्ताने सगळं ऐकून घेतलं.

मग हळूच म्हणाला, "ताई, एक विचारू? ती खरंच चांगली होती का?"

हा नाशिकला शिकून आलेला पोरगा. स्वतः चाखताना रोज बादलीतच टाकतो.

"आठ, दत्ता. दहापैकी आठ."

"मग गिळायची होतीस की, ताई."