हॉलमध्ये बांधलेले जेट

निवृत्त माणसाने काय करावे, याविषयी पुण्यात प्रत्येकाचे मत तयार असते. ते विचारावे लागत नाही. मला टेकडीवर फिरायला जाण्याचा, हास्यक्लबात हसण्याचा आणि ज्येष्ठांच्या संघात भाषणे ऐकण्याचा सल्ला मिळाला. मी तिन्ही नाकारले आणि जेट विमान बांधायला घेतले.

विमान लहान नव्हते. आडवे ठेवले तर माझ्या उंचीहून हातभर अधिक लांब. त्यात माणूस बसू शकत नाही, एवढाच फरक. बाकी सर्व खऱ्यासारखे. उड्डाणानंतर पोटात जाणारी चाके, पंखांच्या हलत्या झडपा, आणि मागे रॉकेलवर चालणारे खरेखुरे टर्बाइन. परदेशातून चपटी खोकी आली. त्यांत प्लायवुडचे आणि बाल्सा नावाच्या अत्यंत हलक्या लाकडाचे कापलेले तुकडे होते, आणि आराखड्यांची गुंडाळी.

"फर्निचर का, काका?" वॉचमनने विचारले.

"विमान," मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने लिफ्टचे दार धरून ठेवले.

माझे आयुष्य एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले. देशाची दारे उघडली, असे त्या काळी वर्तमानपत्रे लिहीत. आमच्या टूलरूमच्या दारातून संगणकावर चालणारी यंत्रे आत आली आणि माणसे बाहेर गेली. स्वेच्छानिवृत्तीचा कागद माझ्याही पुढे ठेवला गेला. इच्छा नव्हती, म्हणून सही केली नाही. नवीन यंत्रे शिकलो आणि वय होईपर्यंत जागेवर राहिलो. दरम्यान नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला. तरुणपणी इथल्याच मोकळ्या माळावर मी सायकलीने येऊन लहान इंजिनांची विमाने उडवत असे. आता तिथे इमारती आहेत, आणि सकाळी हिंजवडीच्या बसची वाट पाहणारी, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले. माळ गेला, याचे दुःख करण्यात अर्थ नव्हता. त्या माळावरच्या एका इमारतीत मीही राहत होतो.

बांधणीला हॉलखेरीज जागा नव्हती. डायनिंग टेबलावर सपाट फळी टाकली आणि तीवर धडाचा सांगाडा उभा केला. प्लायवुडच्या आडव्या चौकटी, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या, पंखांच्या बरगड्या. सांगाड्यावर बाल्साचा पातळ तक्ता ओला करून वाकवायचा, चिकटवायचा, वाळला की पॉलिशपेपरने घासायचा. मग काचेच्या धाग्यांचे तलम कापड राळेने बसवायचे आणि पुन्हा घासायचे. बांधणीतला बहुतेक वेळ घासण्यातच जातो. बाल्साची भुकटी पिठासारखी असते. ती तूरडाळीच्या डब्यापर्यंत पोहोचली.

"अहो, पाहुणे आले तर बसवायचं कुठे? पंखावर?" पत्नीने विचारले.

"पंखावर वजन चालणार नाही."

"मग जेवायचं कुठे?"

आम्ही स्वयंपाकघरात पाट मांडून जेवू लागलो. तिला पाटावर बसणे आवडते, असे तिने पुढे शेजारणींना सांगितले. माझी बाजू घेण्याची तिची हीच पद्धत आहे.

सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : सदनिकेत औद्योगिक स्वरूपाचे काम करू नये. त्याच दिवशी सेक्रेटरी जिन्यात भेटले.

"काका, विमान बांधताय असं कानावर आलं."

"कान चांगले आहेत आपले."

"नाही, म्हणजे, नियमात बसतं का ते?"

"विमानाविषयी नियम आहे?"

"तसा नाही, पण—"

"झाला की कळवा."

त्यांनी कळवले नाही. मी घासत राहिलो. दोन पावसाळे गेले.

खरा विरोध घरातच होता. मुलगा आयटीत आहे. टर्बाइन मागवण्याचे, कस्टम्समधून सोडवण्याचे सर्व सोपस्कार त्यानेच केले. तेव्हा त्याला विमानाचे वावडे होते असे म्हणता येणार नाही. विमान रंगवून झाले त्या रविवारी तो बराच वेळ त्याभोवती फिरला आणि म्हणाला,

"बाबा, बांधलंत तुम्ही. एक नंबर झालंय. आता उडवू दे त्याला."

'त्याला' म्हणजे आम्हा विमाने उडवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रशिक्षकाला. तोही आयटीतलाच, पस्तिशीचा, सुटीच्या दिवशी जेट उडवणारा. हात उत्तम.

"का?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. बोटं थरथरतात. ते विमान केवढ्या स्पीडनं जातं, माहितेय ना? एवढी मेहनत, आणि एका मिनिटात राख."

"होऊ दे. माझ्या हातून होईल."

"अहो, पण हा हट्ट कशासाठी?"

मी पंखावरून फडके फिरवले. उत्तर होते. दुसऱ्याने उडवायचे आणि मी खुर्चीत बसून मान वर करून पाहायचे, तर हास्यक्लब काय वाईट होता?

क्लबचा नियम असा की, जेट प्रथमच उडवणाऱ्याने आधी क्लबच्या जेटवर परीक्षा द्यायची. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले असतात. चूक झाली तर प्रशिक्षक ताबा घेतो. मी पावसाळाभर मुलाच्या लॅपटॉपवर सराव केला. पडद्यावरची विमाने किती पाडली, त्याचा हिशेब नाही. भाद्रपद सरता सरता, पाऊस उघडल्यावर परीक्षा दिली. प्रशिक्षकाला एकदाही ताबा घ्यावा लागला नाही. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि मग मुलाला बाजूला नेऊन सांगितले, "जमतंय रे त्यांना. पण नवीन विमानाचं पहिलं उड्डाण म्हणजे वेगळीच गोष्ट असते. बघ बुवा."

मला चांगले ऐकू येते. मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचे उड्डाण ठरवले.

दसऱ्याला विमानाची पूजा होणार, हे पत्नीने गृहीतच धरले होते आणि माझीही हरकत नव्हती. टूलरूममध्ये खंडेनवमीला आम्ही यंत्रे धुऊनपुसून लख्ख करत असू, झेंडू वाहत असू. मात्र एक शिस्त होती. दुसऱ्या दिवशी हार काढल्यावर ज्याने त्याने आपले यंत्र उघडून आतून साफ केल्याशिवाय बटण दाबायचे नाही. देवाला वाहिलेले फूलसुद्धा गिअरमध्ये गेले तर दात तोडते.

संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन अर्धी सोसायटी आमच्याकडे आली. सूचना लावणारे सेक्रेटरी सर्वांत पुढे. मी आलेल्यांना सोने देत दाराशी उभा होतो. विमानाच्या दोन्ही बाजूंना, कॉकपिटच्या मागे, हवा आत घेणारी दोन तोंडे असतात. ती मी लाल कापडी टोप्यांनी झाकून ठेवली होती. पत्नीने आरतीपूर्वी त्या काढल्या. तोंड बांधलेल्याची पूजा करत नाहीत, असे तिचे म्हणणे. हळदकुंकू झाले, नारळ झाला आणि मंगलकार्यात टाकतात तशा सर्वांनी अक्षता टाकल्या. सेक्रेटरींनी मूठभर टाकल्या. बहुधा सूचनेची भरपाई.

पाहुणे गेल्यावर मी वरून सर्व पुसून घेतले. टोप्या जागेवर होत्या. पत्नीने त्या पुन्हा बसवल्या होत्या. त्यामुळे मला काही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या धावपट्टीवर सोसायटीतल्या पाच-सहा गाड्या आल्या. डबे, सतरंज्या, मुले. पंख जोडले, टाकी भरली, टोप्या काढल्या. डावीकडच्या तोंडाच्या कडेला तांदळाचा एक लाल दाणा चिकटलेला होता.

मी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "अहो, पूजेपुरत्या काढल्या होत्या मी."

प्रशिक्षकाने नाक खाली करून विमान हलवले, मागून ब्लोअरने हवा मारली. पाच-सात दाणे बाहेर पडले. पुन्हा हवा मारली. काही पडले नाही.

"निघालं सगळं," मुलगा म्हणाला. "चला, सुरू करू."

"नाही."

"बाबा, क्लीन आहे आता."

"पाहिले आहेस? आत?"

"तांदळाच्या दाण्यानं काय होतंय हो काका," सेक्रेटरी म्हणाले. "शुभच असतं ते."

"डोक्यावर पडला तर."

टर्बाइनचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्यात गेलेला दाणा दाणा राहत नाही, आणि पातेही पाते राहत नाही. हे मी त्यांना समजावत बसलो नाही. आज उड्डाण नाही, एवढेच सांगितले. सतरंजीवरून कोणीतरी म्हणाले, "काकांचा धीर सुटला वाटतं." दुसरा म्हणाला, "वय आहे हो." प्रशिक्षक पुढे झाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते.

"काका, टेन्शन घेऊ नका. लोक आलेत. मी उडवतो. काही झालं तर माझी जबाबदारी."

"उडवू दे ना, बाबा," मुलगा म्हणाला. त्याने रिमोटसाठी हात पुढे केला.

"विमानाला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणालो.

टाकी रिकामी केली आणि पंख सोडवले. लोकांनी डबे तिथेच उघडले. पुणेकर आणलेला डबा परत नेत नाही. मला पुरीभाजी देण्यात आली. मी ती खाल्ली.

घरी येऊन टर्बाइन बाहेर काढले आणि त्या दोन तोंडांपासून आत येणाऱ्या हवेच्या नळ्या सुट्या केल्या. दोन नळ्या टर्बाइनच्या पुढे जिथे एकत्र येतात, त्या सांध्यावर दाणे होते. अक्षता ओल्या कुंकवात घोळवलेल्या असतात. त्या चिकटल्या आणि चिकटूनच वाळल्या. ब्लोअरला दाद देणार नाहीत अशा. टर्बाइनच्या थरथरीने मात्र सुटल्या असत्या. मी मुलाला बोलावले. त्याने वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिले. बराच वेळ पाहिले.

"सॉरी," तो म्हणाला.

"ते सोड. चिमटा दे."

पुढच्या रविवारी धावपट्टीवर आम्ही चौघेच होतो : मी, पत्नी, मुलगा आणि नियमाप्रमाणे प्रशिक्षक. टर्बाइनने आधी शिट्टी दिली, मग तिची किंकाळी झाली. पत्नीने कान झाकले. माझी बोटे थरथरत होती. ती रोजच थरथरतात. मी अंगठे रिमोटच्या दोन काड्यांवर घट्ट टेकवले आणि वेग दिला.

विमानाने धावपट्टीच्या अर्ध्यावर जमीन सोडली. वर गेल्यावर ते डावीकडे झुकू लागले. मी काडी तेवढीच उजवीकडे दाबून धरली आणि ते सरळ झाले. चाके आत घेतली. पहिला फेरा मोठा घेतला, दुसरा जरा लहान. दूरच्या टोकाला ते ठिपक्याएवढे होई, आणि त्या क्षणी ते येते आहे की जाते आहे, हे डोळ्यांना नव्हे, हातांनाच ठाऊक असे. मी हातांवर विश्वास ठेवला. आनंद झाला का, असे नंतर पत्नीने विचारले. तेव्हा वेळ नव्हता.

उतरण्याच्या वेळी आडवा वारा सुटला. प्रशिक्षक माझ्या खांद्याजवळ सरकला. "काका, द्या इकडे. लँडिंग मी करतो."

मी काही म्हणण्याआधीच मुलगा म्हणाला, "राहू दे. ते करतील."

पहिल्या खेपेस विमान उंच आले. उतरवले नाही, वेग देऊन पुन्हा फिरवले. दुसऱ्या खेपेस वाऱ्याकडे नाक तिरके ठेवून खाली आणले आणि टेकण्याआधी सरळ केले. डावे चाक आधी टेकले. विमान उसळले, पुन्हा टेकले, ते चाक मोडले आणि विमान पंखावर घसरत गवतात जाऊन थांबले. पंखाच्या टोकाचा रंग खरवडला. बाकी काही नाही.

टर्बाइन बंद केले. ते थंड होईपर्यंत थांबलो. मग मी रिमोट मुलाच्या हातात दिला.

"आता धर," मी म्हणालो, आणि विमान आणायला गवतात गेलो.