ताटावरून उठणं
डिंकाचा वास आला की मला बहरीनमधला, नव्वदीच्या दशकातला एक शुक्रवार आठवतो. आठवडाभर उन्हात एसी दुरुस्त करून अंग आंबलं होतं आणि ईसा टाउनच्या खोलीत मी सुट्टीचं निवांत जेवत होतो. शेजारी मुलगी शाळेच्या तक्त्यावर चित्रं चिकटवत होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलाम सुटले. "पप्पा, दे वेअर फ्री. मग काही लोक मालकाकडेच का राहिले?" मी म्हणालो, "सवय गं. आपल्या वस्तीची वेठबिगारी कायद्यानं संपली, तरी पाटलाची हाक आली की तुझे पणजोबा भरल्या ताटावरून उठायचे. मला फार राग यायचा त्यांचा." इतक्यात खाली सुपरवायझरच्या गाडीचा हॉर्न वाजला. कुठल्यातरी बंगल्यातला एसी बंद पडला असणार. मी हात धुऊन बूट चढवायला लागलो. "बट पप्पा, इट्स फ्रायडे!" ती म्हणाली. मी जिना उतरलो. आता निवृत्त होऊन गावी राहतो. परवा जेवताना दारावरून एक टेम्पो हॉर्न देत गेला, तर मी घास टाकून उभा. बायको म्हणाली, "अहो, बसा. खलास झालं ते."