निरीक्षणाला ठेवलेली माणसं

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींना सगळे सावकाशराव म्हणायचे, तेही तोंडावर. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच परत देत नसत. भिंतीवरच्या खिळ्याला टांगून त्याची चाल बघत बसत. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी उत्तर ठरलेलं, "अजून निरीक्षणाला आहे. दोन दिवसांनी या." शेजारीच माझं चष्म्याचं दुकान, त्यामुळे त्यांच्या वाटची बोलणी बरेचदा मीच खायचो.

बायको गेल्यावर ते विसरायला लागले. एकदा गॅस तसाच चालू राहिला, एकदा भरदुपारी दुकान उघडं टाकून भलतीकडेच चालत सुटले. तेव्हा मुलगी आपलं बिऱ्हाड उचलून त्यांच्याकडे राहायला आली. ओळखीच्या एका वकीलबाईंनी सावकाशरावांना स्पष्ट सांगितलं, "आजोबा, मुखत्यारपत्र करून टाका. उद्या तुम्हाला काही उमजेनासं झालं, तर घर, दुकान, दवाखाना, सगळीकडे तुमच्या वतीनं सही कोण करणार, ते आत्ताच ठरवा. डोकं ठिकाणावर आहे तोवरच हे होतं. नंतर माझ्या हातात काही नाही."

ठरवायचं दोघांतूनच होतं, मुलगी नाहीतर दूरदेशी असलेला धाकटा.

"यात ठरवायचं काय?" मी म्हटलं.

"दोघांनाही निरीक्षणाला ठेवलंय," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं, मग संताप आला. औषधापासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळं बघणारी पोर, आणि हा माणूस तिची चाल तपासत बसलाय! तिच्याजवळ मी तसं बोलूनही दाखवलं.

"बघू दे हो, काका," ती म्हणाली. "बाबांनी आयुष्यात कधी घाई केली नाही, आता कशी करतील?"

महिने गेले. वकीलबाईंचे निरोप येत राहिले आणि सावकाशराव आपले सावकाशच.

एका सकाळी मात्र ते स्वतःहून माझ्या दुकानात आले. चेहरा अगदी निवळलेला होता.

"ठरलं. पोरगीच."

"अखेर उजाडलं म्हणायचं!"

"ऐका तर. धाकटा माझ्या हो ला हो करतो. दुकान विकू? विका. नको विकायला? नको. मालक खूश व्हावा म्हणून घड्याळ पुढे पळायला लागलं, तर काय कामाचं? पोरीनं माझ्याकडून दुकानाची किल्ली काढून घेतली. मी अबोला धरला, ताटावरून उठलो, तरी दिली नाही. जी माझ्या रागाला भीत नाही, तीच माझं नीट करेल." मग हळूच म्हणाले, "तिला सांगू नका. सही झाली की मीच सांगणार आहे."

वकीलबाईंनी लवकरात लवकरची वेळ दिली. साक्षीदार म्हणून मी बरोबर गेलो. सावकाशरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कागद टेबलावर तयार होता. वकीलबाईंनी मुलीकडे बोट दाखवून सहज विचारलं, "आजोबा, ह्या कोण?"

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ निरखून बघितलं. मग अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचं घड्याळ अजून निरीक्षणाला आहे. दोन दिवसांनी या."

मुलीनं त्यांची कॉलर सारखी केली. "बरं," ती म्हणाली, "येते दोन दिवसांनी."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, त्यानंतरही गेलो. शेवटी वकीलबाईच म्हणाल्या, "आता कोर्टात जावं लागेल. कुणाला नेमायचं, ते आता तिथले लोक ठरवतील."

खाली उतरताना मला राहवलं नाही. जिन्यातच मी मुलीला सगळं सांगून टाकलं. किल्लीचं सांगितलं, ताटावरून उठल्याचं सांगितलं, त्यांनी तिलाच निवडलं होतं हेही सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. इतक्या महिन्यांत तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

सावकाशराव कठड्याला धरून तिच्याजवळ वाकले. "रडू नका, बाई," ते म्हणाले. "थोडा उशीर होतो माझ्याकडे. पण आजवर कुणाचं घड्याळ मी बिघडवून परत दिलेलं नाही."