चौथीतली श्रमविभागणी

ऐकाच आता! दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तिखटमीठ लावून कळेल, त्यापेक्षा माझी फजिती मीच सांगते.

मी नागपूरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. यंदा माझ्या डोक्यात भूत शिरलं, मुलांना गोष्टीच्या पुस्तकांतून अर्थशास्त्र शिकवायचं! आमच्या मुख्याध्यापिका बोरकर मॅडम म्हणाल्या, "चौथीच्या पोरांले अर्थशास्त्र? काहून? आधी पाढे पाठ करून घ्या ना!"

पण मी कोणाचं ऐकते? चित्रांचं एक छान पुस्तक आणलं. चार खारी संत्र्याच्या पेट्या भरतात. आधी प्रत्येक खार सगळी कामं एकटीच करायची, दिवसाकाठी जेमतेम एक पेटी व्हायची. मग त्या कामं वाटून घेतात. एक तोडते, एक निवडते, एक भरते, एक पेटी ठोकते. पेट्यांचा ढीग!

सम्यक टुणकन उठला. "माहे बाबा कळमन्याच्या संत्रा बाजारात फक्त पेट्याच ठोकते, मॅडम!"

मी हरखलेच! "शाब्बास! यालाच श्रमविभागणी म्हणतात. ज्याला जे चांगलं जमतं, त्यानं ते करायचं." वर चार-चार जणांचे गटसुद्धा पाडून दिले. मीच! माझ्या या हातांनी!

आणि काय सांगू, आठवड्याभरात वर्गाचा कायापालट! गृहपाठाची गणितं सगळी बरोबर. शुद्धलेखन मोत्यासारखं. ज्या वेदांतचं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत नसे, त्याच्या वहीत काना-मात्रा जागच्या जागी! हा गोष्टीचाच परिणाम, दुसरं काय असणार? मी वह्यांचा गठ्ठा उचलून बोरकर मॅडमच्या टेबलावर नेऊन आदळला. त्या चाट! इतक्या, की त्यांनी शाळा तपासणाऱ्या केंद्रप्रमुख साहेबांनाच वर्ग बघायला बोलावलं.

साहेबांनी वेदांतची वही चाळली. खूश झाले. "वा! फळ्यावर एक वाक्य लिहून दाखव बरं."

वेदांत जागचा हलेना.

"काहून गा? भेऊन राहिला का?"

"नाही सर. मराठी माह्याकडे नाही. तन्वीकडे आहे."

"म्हणजे?"

तन्वी ताठ उभी राहिली. "आमच्या गटाचं शुद्धलेखन मीच लिहिते, सर. चौघांचं. गणितं सम्यक करते. परिसर अभ्यास मुस्कानकडे."

"अन् हा वेदांत?"

"तो सगळ्यांच्या वह्या घरोघरी पोचवते. त्याच्याजवळ सायकल आहे ना! मॅडमनंच सांगतलं न जी, ज्याले जे जमते, ते त्यानं करायचं."

मी मनातल्या मनात किंचाळले, अगं बाई, निदान हळू तरी बोल! बोरकर मॅडम तर माझ्याकडे अशा बघत होत्या, की जमीन दुभंगली असती तर मी पुस्तकासकट उडी मारली असती.

साहेबांनी कसंबसं हसू दाबलं. "अन् तुमच्या मॅडमकडे कोणतं काम हाय?"

तन्वीनं वेदांतच्या वहीतल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"मॅडम सह्या करतात, सर. वाचायचं काम कोणालेच दिलं नाही."