बाबांच्या गाडीचा कूलर

बाबांचा फोन आला तेव्हा मी एका गाडीचा क्लच खोलून बसलो होतो. बाबा मला फोन करत नाहीत. फोन माय करते आणि बाबा मागून ओरडून एखादं वाक्य त्यात घालतात. म्हणून स्क्रीनवर त्यांचं नाव दिसताच हातातला पाना खाली ठेवला. "शालिक गेला," ते म्हणाले. "सकारी धानाच्या बांधीतच बसला म्हणे. उठलाच नाही." मी "येतो" म्हणालो, आणि फोन ठेवता ठेवता मला कळलं की बाबा रडताहेत. लाज वाटते, पण लिहून टाकतो. मित्र गेल्याचं दुःख वाटायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की बाबांना रडताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकलं ते शालिकसाठी.

तेव्हा धानाची रोवणी चालली होती, आता लोंब्या बाहेर पडून धान निसवायला आलंय. एवढ्या दिवसांत त्याच्याविषयी बरंच चांगलं बोलून झालंय, आणि ते सगळं खरं आहे. मी ते पुन्हा सांगणार नाही. मला त्याचा मत्सर वाटायचा, शाळेपासून, आणि हे कुणी लिहिणार असेल तर मीच लिहायला हवं.

आम्ही सिहोऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. गणितात मी पुढे, तो काठावर. पण गुरुजींच्या सायकलचा डायनामो बंद पडला की गुरुजी वर्गाच्या दारातून हाक मारायचे ती शालिकला. तो बाहेर जायचा, आणि मी खिडकीतून त्याचे हात बघत फळ्यावरची उदाहरणं उतरवायचो. दहावीला तो नापास झाला आणि शेतीला लागला. सिहोऱ्यातच बसस्टँडच्या मागे टिनाच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करू लागला. मी शिकलो, भंडाऱ्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवायला लागलो. माझ्याकडे प्रमाणपत्रं होती, तक्ते होते, भिंतीवर कापून दाखवलेलं इंजिन होतं. शालिककडे पाने, हातोडी आणि गिऱ्हाइकांची रांग. तो मला "मास्तर" म्हणायचा. त्यात मस्करी होती की मान, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बाबांची गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, जुन्या घडणीची, माझ्या लग्नाच्याही आधीची. दर मंगळवारी ते मायला मागे बसवून आंबागडला जातात. तिथं मायची विधवा बहीण एकटी राहते. नऊ वर्षांपूर्वी त्या वाटेवर इंजिन फार तापू लागलं. बाबा सहज बोलून गेले आणि मी ते हातचं जाऊ दिलं नाही. मला वाटलं, आता दाखवतो. नागपूरहून ऑइल कूलर आणला, छोट्या रेडिएटरसारखा, पातळ पत्र्यांच्या जाळीचा. तेल इंजिनातून पाइपने त्यात जायचं, वाऱ्याने निवायचं आणि परत यायचं. सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे केलं. तांब्याचे नवे वॉशर, बोल्ट मोजून आवळलेले, आणि कूलर अगदी समोर, पुढच्या चाकामागे खाली, जिथं वारा सरळ लागतो. मग कारध्याच्या पुलावरून हायवेला गाडी पळवली. मे महिना, रस्ता कोरडा, इंजिन शांत. बाबांना चावी देताना मी मोठं भाषणही दिलं. ते ऐकून "बरं" एवढंच म्हणाले.

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडचे रस्ते कसे असतात हे मी विसरलो होतो. आयुष्याची पहिली अठरा वर्षं त्याच चिखलात काढलेला मी! ट्रॅक्टर चिखलणी करून लोखंडी चाकांनी बांधीतून रस्त्यावर चढतात आणि काळी माती मैलभर सांडत जातात. ती सगळी पुढच्या चाकाने उडून माझ्या कूलरच्या जाळीत बसली आणि इंजिनाच्या उष्णतेने तिथंच वाळली. भिंतीला गिलावा करावा तशी. रोवणीतल्या तिसऱ्या मंगळवारी आंबागडच्या अलीकडे गाडी जाम झाली. माय दुखऱ्या गुडघ्यांनी कोस-दीड कोस चालली. मला हे चार दिवसांनी कळलं, आणि तेव्हा गाडी शालिकच्या शेडमध्ये उभी होती.

मी तिथं गेलो. भांडायलाच गेलो होतो, हे कबूल करतो. शालिक पाटावर बसून चहा पीत होता. गाडीला त्याने हातही लावला नव्हता.

"काहून रे, खोलली नाही अजून?" मी विचारलं.

"गाडी काहून तपते, हे गाडीले कायले इचारू?" तो म्हणाला. "वाटेले इचारतो ना. मंगळवारी काकाजीच्या मांगं मांगं जाऊन राहिलो. तू पण येतं का, मास्तर?"

मी म्हणालो, मला ड्यूटी आहे.

इंजिन तात्पुरतं चालतं करून तो खरंच गेला. आपल्या गाडीवरून, बाबांच्या मागे, सिहोरा ते आंबागड आणि परत. ही त्याची पद्धतच होती. दूधवाल्याची गाडी आली तर कॅन लादून ये म्हणायचा, पोत्यांची आली तर पोती लादून, आणि मग मागून जायचा. त्या दिवशी त्याला कळलं ते मला मुलगा असून ठाऊक नव्हतं. मायला वेगाची भीती वाटते, म्हणून बाबा चढावर आणि खड्ड्यांत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या बरोबरीने नेतात. वारा लागणार कुठून? शालिकने कूलर चाकाच्या रेषेबाहेर, क्रॅश गार्डच्या वरच्या कोपऱ्यात बसवला, पाइप लांब घेतले आणि पुढे धान चाळायच्या चाळणीची जाळी लावली, काढून झटकता येईल अशी. आणि बाबांना सांगितलं, चढ संपला की मोहाच्या झाडाखाली दहा मिनिटं गाडी बंद करून थांबायचं. मग हात लावून पाहायचं, पण उलटा. "उलट्या हातानं पाहा, काकाजी. भाजला त हात आपोआप मांगं येते."

नऊ वर्षं ती गाडी तापली नाही. नऊ वर्षं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "शालिकनं बसवला." पाहुणा चप्पल काढायच्या आत त्याला कूलर दाखवायचे. माझा कूलर भंगारात गेला असणार, असं मी धरून चाललो. विचारणार कोण? घरी गेलो की अंगणातल्या गाडीजवळून मान वळवून जायचो. मी गाड्यांचा मास्तर, आणि बापाच्या गाडीकडे बघत नव्हतो. पुढे शालिक भेटायचा, चहा पाजायचा, माझ्याकडच्या नव्या इंजेक्टरच्या गाड्यांविषयी खरोखर कुतूहलाने विचारायचा. मी तोलून मापून उत्तरं द्यायचो, सगळं नाही सांगायचो. तो सगळं सांगायचा...

तीन आठवड्यांपूर्वी घरी गेलो तर गाडीखाली तेलाचा डाग होता. बाबा त्याच्याकडे बघत ओट्यावर बसले होते. शालिकची शेड बंद होती. "मी बघू का?" मी विचारलं. माझ्याच बापाला, माझ्याच विषयात, इतक्या चाचरत विचारलं. ते म्हणाले, "पाह्य."

एक वॉशर गेला होता, बाकी काही नाही. पण कूलर काढावा लागला. जाळी बाजूला केली, जुना काळा रंग पान्याने जरा खरवडला गेला, आणि खाली, कूलरच्याच पट्टीच्या कडेवर, पंचने ठोकलेले तीन ठिपके दिसले. मी बसवतो त्या प्रत्येक भागावर ठोकतो ते. दुसरं कुणी तसे ठोकत नाही. शालिकने नवा कूलर आणलाच नव्हता. माझाच, जाळी नखानखाने साफ करून, फक्त जागा बदलून लावला होता. आणि मला आधी आला तो राग. मेल्यावरही हा पुढे गेला, असं वाटलं. मग वाटलं, त्याने हे बाबांना सांगितलं का नाही? नऊ वर्षं श्रेय खिशात घालून बसला?

"बाबा, हा कूलर माझा आहे," मी म्हणालो. आवाज चढला असावा.

"हव. तुहाच हाय," बाबा म्हणाले. "त्यानं त्याच दिशी सांगतलं होतं. मास्तरानं माल चांगला आणला, जागा तेवढी चुकली, म्हणे."

"मंग मले कायले नाही सांगतलं कोणी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तू कवा इचारलं?"

इंजिनाविषयी मी बाबांना कितीतरी सांगितलं होतं. विचारलं मात्र काहीच नव्हतं. हातातला कूलर फडक्याने पुसत राहिलो, आणि मग जो प्रश्न नऊ वर्षांपूर्वी माझा असायला हवा होता तो शालिककडून उसना घेतला.

"मंगळवारी आंबागडले जाता तवा कुठं कुठं थांबता, बाबा?"

"मोहाजवर," ते म्हणाले. मग म्हणाले, "येतं त ये मांगून. पण हॉर्न नोको वाजवू. तुही माय भेते."

रजा टाकून गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये, त्यांच्या मागे. मायचा पदर बाबांनी गाडी सुरू करण्याआधी हाताने आत खोचला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. चढ संपल्यावर मोहाखाली गाडी थांबली. बाबांनी उलटा हात कूलरला लावला, मग बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. मीही उलटा हात लावला. कोमट होता.

झाडाखाली तीन दगड होते. एकावर माय बसली, एकावर बाबा. मी तिसऱ्याकडे निघालो तशी माय म्हणाली, "तिथं शालिक बसे. दरवर्षी रोवणीत एक डाव येये तो, गाडी पाहाले."

दरवर्षी. हे मला ठाऊक नव्हतं. जुनी कळ पुन्हा उठली, खोटं कशाला बोलू... वाटलं, बसावं त्याच दगडावर, आता कोण येणार आहे?

मग थोडं पलीकडून एक दगड उचलून आणला आणि त्याच्या दगडाशेजारी ठेवून त्यावर बसलो.