शाळेच्या ॲपचा पहिला पडदा

धाकटीनं आयुष्यात एकदाच सूड घेतला, आणि तोही मी सुचवलेला नव्हे. मला तिच्या भागीदाराच्या, त्या हसऱ्याच्या, एक थोबाडीत ठेवून द्यायची होती, भर रस्त्यात, चार लोकांसमोर. ती म्हणाली, "ताई, तुझाच हात दुखेल." पहिल्यापासून ती तशीच, थंड डोक्याची. आई म्हणायची, या दोघींना एकत्र कालवून पुन्हा सारखं वाटून द्यायला हवं होतं.

माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. त्यामुळे शाळेत काय चाललंय ते मला मास्तरांच्या आधी कळतं. धाकटी मोबाइलची ॲप बनवायची. ती आणि हसऱ्या, दोघांची मिळून कंपनी. दातांच्या दवाखान्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. ती काम करायची आणि तो हसायचा. लोकांना वाटायचं, केवढा गोड माणूस. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायचा, पण माझं ऐकतंय कोण?

शाळेचं ॲप त्यांनीच केलं, म्हणजे धाकटीनंच केलं. सुट्टी, गृहपाठ, बस, सगळ्या सूचना त्यावर यायच्या. एकदा तिनं मला समजावून सांगितलं होतं. ॲप काही एकट्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेलं नसतं म्हणे. कॅलेंडर एकाचं, नकाशा दुसऱ्याचा, सूचनेची घंटी तिसऱ्याची. असे कोणीकोणी करून ठेवलेले तयार भाग आणायचे आणि जुळवायचे. त्यांना हे लोक डिपेंडन्सी म्हणतात. प्रत्येक भागाला आवृत्तीचा नंबर असतो, आणि धाकटी तो नंबर कुलूप घातल्यासारखा पक्का करून ठेवायची. नवीन आवृत्ती आली तरी आपोआप घ्यायची नाही. एक भाग बदलायचा, अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्ही जातींच्या फोनवर चालवून बघायचा, मगच पुढच्याला हात लावायचा. हसऱ्याला ही सगळी बायकी किरकिर वाटायची.

आणि तो पहिला पडदा! ॲप उघडलं की आधी निळ्या रंगावर शाळेचं चिन्ह दिसतं ना, त्याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. त्याच्यामागे ॲप तयार होतं आणि झालं की पडदा बाजूला होतो. शाळेचं चिन्ह आडवं, मधे पुस्तक आणि ते धरलेले दोन हात. एका जातीचे फोन ते चिन्ह गोलात बसवायचे आणि दोन्ही हात मनगटापासून उडवायचे. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अहो, हे पुस्तक हवेत कशाला तरंगतंय?" कुठलाच तयार भाग ते धड करीना. मग धाकटीनं सुट्टीत घरी बसून स्वतःच एक भाग लिहिला, इंटरनेटवरच्या स्वतःच्या खात्यात ठेवला आणि कंपनीला वापरू दिला. तो कुठून येतो, कोणाचा आहे, हे हसऱ्यानं कधी विचारलं नाही.

मग तो दिवस आला. धाकटी अक्कलदाढ काढायला खालच्या दवाखान्यात गेली होती. वर हसऱ्याला काय दुर्बुद्धी सुचली कोणास ठाऊक. कुठल्याशा दुसऱ्या शाळेला नवीन चकचकीत काहीतरी दाखवायचं होतं म्हणून त्यानं सगळी कुलपं एका झटक्यात काढली, सगळे भाग ताजे केले आणि न तपासता नवं ॲप लोकांच्या फोनवर सोडून दिलं. असलं करू नकोस, असं तिनं त्याला आदल्याच आठवड्यात बजावलं होतं. ॲप उघडायचं, निळा पडदा यायचा, आणि तिथेच थांबायचं. आतलं सगळं तयार होतं, पण पडद्याला 'आता सरक' असं सांगणारा निरोपच पोचत नव्हता.

नेमकी त्याच दिवशी शाळेतली पाण्याची मोठी पाइप फुटली. शाळा लवकर सोडली आणि सूचना ॲपवर टाकली. एकाही आईबापाला ती दिसली नाही. लहान लहान पोरं फाटकाबाहेर भर उन्हात उभी. मी जमेल तेवढी दुकानात घेतली, पाणी पाजलं, ज्यांचे फोन नंबर पोरांना पाठ होते त्यांना फोन लावले. दुसरीतली एक मुलगी माझ्या दुकानापर्यंत पोचायच्या आधीच चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली. मीच तिला उचललं.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. धाकटी तशीच आली, गाल टम्म सुजलेला, अर्धं तोंड बधिर, बोलायला गेली की नुसती लाळ. आणि हसऱ्यानं माइक घेतला. चेहरा पाडून, आवाज मऊ करून म्हणाला, "आमच्या सहकारी बाई सुट्टीवर जाण्याच्या घाईत काहीतरी बदल करून गेल्या. माणूस आहे, चूक होते. त्यांच्या वतीनं मी माफी मागतो." असा खोटारडा! धाकटी उठून हातवारे करायला लागली, तर लोकांना वाटलं उलट भांडतेय. तेवढ्यात त्या पडलेल्या मुलीची आई ताडकन उभी राहिली. "तुझ्या पोटी पोर नाही ना, म्हणून सुचतं हे! लाज नाही वाटत तोंड दाखवायला?"

मी उठत होते. धाकटीनं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

कोणीतरी त्या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. तो पालकांच्या ग्रुपवरून कुठे कुठे गेला. ॲपचं काय, हसऱ्यानं जुने नंबर परत घातले आणि ते पूर्वीसारखं चालायला लागलं. हसऱ्यानं तिला "थोडे दिवस घरी बस, वातावरण निवळू दे" म्हणून सांगितलं आणि मग ऑफिसचं कुलूप बदललं. इतर कंपन्यांत मुलाखतीला गेली की समोरचा आधी गोड बोलायचा, मग फोनमध्ये काहीतरी बघायचा, मग "कळवतो" म्हणायचा. तिचं नाव गेलं. शाळेसमोर ती 'ॲपवाली' झाली. माझ्याच दुकानात उभं राहून बाया तिच्याबद्दल बोलायच्या, ही माझी सख्खी बहीण आहे हे माहीत असून. ती माझ्याकडे मागच्या बाजूला बसून लोकांचे अर्ज टाइप करायची आणि हे सगळं ऐकायची. मला वाटायचं, एकेकीच्या झिंज्या धराव्यात. ती म्हणायची, "सगळ्यांना कशाला? एकानं खरं सांगितलं की पुरे."

पुढे दोन वर्षांनी फोन बनवणाऱ्यांनी नियम बदलले. नव्या फोनवर, आणि ताज्या केलेल्या जुन्या फोनवरही, शाळेचं ॲप उघडलं की नुसता पांढराफटक पडदा. तिचा तो भाग आता नव्यानं लिहायला हवा होता. हसऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी दुसरा बसवून बघितला, तर चिन्हाचे हात पुन्हा उडाले आणि ॲप पुन्हा अडकलं. तेव्हा कुठे त्यांनी शोधलं की हा भाग कोणाच्या खात्यातून येतो.

आला की मग दुकानात, बत्तिशी दाखवत. "काय ताई, कशा आहात?"

"तुझी ताई मी कधी झाले रे? काय झेरॉक्स काढायचं असेल ते काढ आणि चालता हो."

धाकटी मागून बाहेर आली. त्यानं सगळं सांगितलं. जुने दिवस, आपली कंपनी, शाळा करार मोडेल, वगैरे वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करते. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, त्या दिवशी काय झालं ते खरं सांगायचं. मग मी नवं ॲप सोडायचं बटण दाबीन."

"अगं, मी सगळ्यांना मेसेज पाठवतो ना, व्यवस्थित शब्दांत."

"तोंडानं," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी नाचायचीच बाकी होते. म्हटलं, "करूच नकोस! बुडू दे मेल्याला!" पण ही बया आधी उठून मुख्याध्यापिका बाईंकडे गेली. ॲप दुरुस्त होईपर्यंत वर्गशिक्षकांनी प्रत्येक घरी फोन करायचा, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मी चिडले. "त्यांची काळजी तू कशाला करतेस?"

"माझ्यामुळे पोरं उन्हात राहिली असं तो म्हणाला होता," ती म्हणाली. "मी आता अडून बसले आणि एक जरी पोर बाहेर राहिलं, तर तो खरा ठरेल. तेवढं सुख मी त्याला देणार नाही." तेव्हा मला कळलं की हिचा राग माझ्यापेक्षा किती तरी जुना मुरलेला आहे.

हसऱ्या आठवडाभर घुटमळला. पण शाळेनं करार मोडायची भाषा केल्यावर मुकाट्यानं तयार झाला.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. धाकटी पहिल्या रांगेत, मांडीवर लॅपटॉप, नवीन ॲप तयार. मी तिच्या शेजारी. हसऱ्या माइकवर आला आणि सुरुवात केली, "त्या वेळी काही तांत्रिक गैरसमज झाले..." धाकटीनं लॅपटॉपचं झाकण खाडकन बंद केलं. हॉलमध्ये तो आवाज सगळ्यांनी ऐकला. हसऱ्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. मग म्हणाला, "बदल मी केला होता. तपासला नव्हता. यांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी केला. आणि इथे उभं राहून त्यांच्यावर ढकललं. मी खोटं बोललो."

अहाहा! माझ्या पोटात गार गार वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग काय झालं माहीत आहे? लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला! मागून एक गृहस्थ म्हणाले, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं हो." मुख्याध्यापिका बाईंनी मान डोलावली. आणि तो नालायक पुन्हा हसायला लागला, हात जोडून, पार नम्र होऊन. माझं डोकं सणकलं. मी चप्पल चाचपत होते, खोटं कशाला सांगू.

धाकटी उठली. माइक मागितला नाही. तिचा आवाज तसा बारीक, पण त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"टाळ्या संपल्या की सांगा. तोपर्यंत ॲप सुरू होणार नाही."

टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या.

"याचं यानं सांगितलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मला जे बोललात, ते तुम्ही बोललात. त्यानं नाही. दुकानात उभं राहून दोन वर्षं बोललात. मी मागच्या खोलीतच असायचे." आणि खाली बसली. झाकण उघडलं, पण हात मांडीवरच ठेवले.

सगळे आपापल्या फोनमध्ये तो पांढरा पडदा बघत बसले. एक बाई पुटपुटली, "आता हे काय नवीन?" पण तिच्या नवऱ्यानं तिला गप्प केलं. मला वाटलं, रात्र होईपर्यंत असेच बसतील, पण यातलं एकही माणूस उठणार नाही.

मग ती उठली, पडलेल्या मुलीची आई. मुलगी शेजारीच होती, आता चौथीत, कपाळावर खोकेची बारीक रेघ. बाईनं धाकटीकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"पोर नसण्यावरून मी बोलले होते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. पुन्हा दुकानातही."

"हो," धाकटी म्हणाली.

"बोलायला नको होतं."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. माफ केलं म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. बटण दाबलं. लोकांनी आपापलं ॲप ताजं केलं, आणि थोड्या वेळानं हॉलभर निळे पडदे उजळले, चिन्ह आलं, दोन्ही हात शाबूत, आणि पडदा सरकला. सगळी डोकी फोनमध्ये गेली. आम्ही दोघी उठून बाहेर पडलो, आम्हाला कोणी थांबवलं नाही.

फाटकाबाहेर येऊन तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं, आज तरी राग जाईल. नाही गेला गं."

"जायला कशाला हवा?" मी म्हटलं. "तुझा आहे, राहू दे."